कवडी उठली नाही

सत्तावन्न सालची गोष्ट. आदल्या दसऱ्याला उमरदरीची अर्धी बस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, आणि उरलेल्या अर्ध्या बस्तीनं मागाहून गावातच घेतली. दोन महिन्यांनी बाबासाहेब गेले, त्या दिवशी बस्तीत एकही चूल पेटली नाही. उमरदरी म्हणजे हिवरखेडच्या वरच्या अंगाचं, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेलं लहानसं गाव. बस्तीतल्या लोकांनी घराघरांतले देव टोपल्यांत भरले आणि नदीच्या डोहात सोडून दिले. देव डोहात सोडता आले, कोंबड्या कुठं सोडणार? त्या होत्या तशाच उकिरडे उकरत राहिल्या, आणि त्या वर्षीचं सगळं भांडण त्यांच्यावरूनच झालं.

पंचफुला ही देवमनची बायको. अंगानं काटक, आवाजानं दांडगी. तिची सासू तानुबाई म्हणायची, "हे अंगनात बोलली का पाटलाच्या वसरीत आयकू जाते." पदरात शकुन नावाची चार वर्षांची पोर, आणि घरात एक राखी रंगाची, अंगभर पांढरे ठिपके असलेली कोंबडी. ठिपक्यांमुळे तिचं नाव कवडी.

त्या जेठात कवडी खुडूक झाली. खुडूक कोंबडी पंचफुला आवाजावरूनच ओळखायची. अंडी घालून उठलेली कोंबडी गाव जागं करते, खुडूक झालेली मात्र घशातल्या घशात जड आवाज काढते. पिसं फुलवून ती दुप्पट दिसते. खायला बाहेर आली तरी चार दाणे टिपते आणि कोणीतरी मागं लागल्यासारखी घाईनं परत कोपऱ्यात शिरते. हात पुढं केला की चोच मारते. तिच्या पोटाखाली हात घातला तर चुलीजवळच्या राखेसारखं ऊन लागतं आणि छातीची पिसं तिनंच उपटून टाकलेली असतात, उघड्या कातडीची ऊब अंड्यांना मिळावी म्हणून.

पण पंचफुला पहिल्या दिवशी विश्वास ठेवत नसे. काही कोंबड्या दोन दिवस रुसल्यासारख्या बसतात आणि तिसऱ्या दिवशी कोंबड्यामागं पळतात. म्हणून तिनं अंडी काढून शिंक्यातल्या मडक्यात ठेवली आणि कवडीखाली चुन्यात बुडवून वाळवलेला एक गोटा सारला. कवडीनं तो चोचीनं ओढून पोटाखाली घेतला आणि डोळे अर्धे मिटले. दोन दिवस ती त्या गोट्यावरून हलली नाही.

"बसली माही माय," पंचफुला म्हणाली. "आता इले कोनी उठवून दाखवा."

तिला काय ठाऊक, बस्तीच उठवायला येणार होती.

---

आषाढातल्या आखाडीला उमरदरीत मरीमायची पूजा होई. गावात रोगराई येऊ नये म्हणून गावाच्या शिवेभोवती कोंबडा फिरवायचा. कोंबडा बस्तीनं द्यायचा आणि बस्तीतल्याच एका माणसानं तो छातीशी धरून सगळ्यांच्या पुढं चालायचं, मागं वळून पाहायचं नाही. गावची इडापिडा त्या कोंबड्यात आणि तो धरणाऱ्यात उतरते, असा समज. म्हणून पोरं मागून खडे मारायची आणि बाया दारातून त्याच्या पायांवर पाणी फेकायच्या. गाव त्याला देवमनच्या घराचा मान म्हणे. त्याचा बाप बुधाजी जन्मभर तो मान वाहून मेला, आणि त्यानंतर तो देवमनकडे आला. लग्न झाल्यावरच्या पहिल्याच आखाडीला पंचफुलानं नवऱ्याला शिवेवरून परत येताना पाहिलं होतं. त्यानं अंग घासघासून धुतलं, जेवला नाही, आणि शकुन त्या वेळी पोटात होती तरी बायकोच्या जवळ आला नाही. "आंगावर इडा हाय," म्हणाला. पंचफुलाच्या मनातून ते कधी गेलं नाही. यंदा देवमन तो कोंबडा धरणार नाही, आणि धरणार नाही हे गावाला तोंडावर ऐकू जाईल, एवढंच तिनं दीक्षेच्या दिवसापासून मनाशी धरलं होतं.

पण बस्तीच्या बैठकीत निराळंच ठरलं.

शेषराव हा बस्तीतला शिकलेला माणूस. अकोल्याला राहून सातवी झालेला. माणूस सच्चा. वंदना त्यानंच सगळ्यांना तोंडपाठ करून दिली, पोरांना अक्षरं त्यानंच शिकवली. तो उभा राहून म्हणाला, "आखाडी आली. पाटील कोंबडा मांगतीनच. आपन असं करू, बस्तीत कोंबडंच ठेवू नका. हिवरखेडच्या बजारात सारे इकून टाका. कोंबडाच नाही, त मांगतीन काय आन् धरतीन काय?"

लोकांना ते पटलं. भांडण नाही, तंटा नाही. माना हलल्या. तेवढ्यात बायांच्या बाजूनं आवाज आला.

"मंग आपन नाही म्हनून राहिलो का, का आपल्यापाशी नाही म्हनून राहिलो?"

सगळे वळले. देवमननं मान खाली घातली. आवाज ओळखायला त्याला वर पाहायची गरज नव्हती.

"वयनी, एकच झालं ते," शेषराव म्हणाला.

"एक कसं, भाऊजी? घरात जवारी असून भिकाऱ्याले नाही म्हनलं, त ते नाही. कनगी रिकामी असून नाही म्हनलं, त ते गरिबी. आपल्याले काय सांगाचं हाय पाटलाले? आपली गरिबी?"

बायांत कोणीतरी हसलं. शेषराव हसला नाही. "पंचशील तोंडपाठ हाय ना तुमाले? पयलं काय हाय? जीव मारू नये."

"मी कुठी मारून राहिली? मी त उबवून राहिली."

आता पुरुषही हसले. पण ठराव ठरावच राहिला. पुढच्या बाजारी सगळ्यांनी कोंबड्या विकायच्या. देवमननंही हात वर केला.

---

बाजाराच्या आदल्या दिवशी पंचफुला पाटलाच्याच शेतात धसकटं वेचायला गेली होती. घरी देवमन आणि तानुबाईपुढं पेच होता. खुडूक कोंबडी बाजारात कोण घेणार? व्यापारी हातात धरताच ओळखतो. अंग हलकं, पोट तापलेलं, अंडी बंद. म्हणून तानुबाईनं जुने उपाय काढले. कवडीला पाण्याच्या टोपल्यात दोनदा बुडवलं. तिचंच एक पीस उपटून नाकपुड्यांतून आरपार घातलं, म्हणजे ते काढायच्या नादात ती दिवसभर पाय मारत हिंडते आणि बसायचं विसरते. हिंडायलाही जागा नको म्हणून पाय बांधून मोरीच्या ओल्यात डालीखाली कोंडलं. शिंक्यातली अंडी होती, त्यांचं कालवण केलं.

पंचफुला घरी आली ती कोपऱ्यातला गोटा पाहून थबकली. मग मोरीतून फडफड ऐकू आली. तिनं डाल उचलली.

"आत्याबाई, हे कोनं केलं?"

"मीनं केलं. माह्या पोराचा शब्द जाते पंचात."

"आन् अंडे?"

"तुह्या नवऱ्यानं आन् तुह्या पोरीनं खाल्ले. तुह्यासाठी ठुलं हाय वाडग्यात, खाय."

पंचफुलानं कवडीला मांडीवर घेतलं, दोन बोटांनी तिचं डोकं धरलं आणि पीस हलकेच ओढून काढलं. नाकपुडीला रक्ताचा ठिपका आला. "आत्याबाई, तुमच्या नथीच्या भोकात घालून पायते हे पीस. मंग पायते तुमी बसता का हिंडता."

"पायलं रे देवमन? आयकलं? सासूले बोलून राहिली!"

देवमन दारात बिडी ओढत होता. "मी काय बोलू? मी शब्द देऊन बसलो."

"तुमी देल्ला. कवडी माही हाय, माहेराऊन आनलेल्या कोंबडीचं पिल्लू हाय. मले कोनी इचारलं?"

"बायाले कोन इचारते पंचात?"

"मंग बायाच्या कोंबडीवर ठराव काहून करता?"

एवढं बोलून तिनं कवडीचे पाय सोडले. सगळ्यांना वाटलं, आता ती अंगणात पळणार. कवडी ओली चिंब, पिसं अंगाला चिकटून मुठीएवढी झालेली. तिनं अंग झाडलं, लंगडत लंगडत सरळ घरात गेली आणि त्या चुन्याच्या गोट्यावर जाऊन बसली. पिसं ओली असल्यामुळं तिला फुलवता येईनात, तरी ती फुलवायचा प्रयत्न करत होती.

देवमननं बिडी विझवली. "बाप्पा!" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बस्तीतून हिवरखेडला टोपल्या गेल्या. देवमनच्या घरून गेली नाही.

---

आता कोंबडी होती आणि अंडी नव्हती. बस्ती आणि गाव यांच्या मध्ये पिंजारी अब्दुल गफ्फारचं घर होतं. त्याची बायको कुलसुमबी कोंबड्या पाळायची. पंचफुला तिच्याकडं गेली.

"अगे, मैंच आनेवाली थी तेरे पास," कुलसुमबी म्हणाली. "मुंगूस ने मेरी मुर्गी खा ली. अंडे टोकरी में पडे हैं, बैठने को कोई नहीं. पन पहले बता, तेरी पक्की खुडूक है ना? नहीं तो मेरे अंडे सडेंगे."

"नाकात पीस घातलं तरी उठली नाही."

"किस ने घाला?"

"सासूनं."

"या अल्ला. फिर तो तू भी नहीं उठी होगी," म्हणत कुलसुमबी हसता हसता उठली.

दोघींनी अंडी निवडली. अंधाऱ्या खोलीचं दार लावलं आणि कवाडाच्या भोकातून येणाऱ्या उन्हाच्या कवडशापुढं एकेक अंडं धरून पाहिलं. चिरलेली, फार लांबट, फार जुनी बाजूला काढली. ठरलं ते बटईनं. अंडी कुलसुमबीची, ऊब कवडीची, पिल्लं अर्धी अर्धी.

घरी येऊन पंचफुलानं पसरट टोपली घेतली. तळाला राख, वर बारीक माती, त्यावर जवारीचं कुटार, आणि उवा-पिसवा होऊ नयेत म्हणून कडूनिंबाचा पाला. टोपली अशा कोपऱ्यात ठेवली की जिथं उजेड कमी आणि मांजराला वाट नाही. दिवस बुडताना अंडी ठेवून कवडीला वर सोडलं. तिनं गोटा पायानं बाहेर ढकलला आणि अंडी चोचीनं एकेक करून पोटाखाली ओढली. जणू इतके दिवस गोटा आहे हे तिला माहीतच होतं, फक्त ती कोणाला बोलली नव्हती.

टोपलीच्या कडेला तानुबाईनं लपवून एक लोखंडी खिळा आणि कोळसा ठेवला. आभाळ गडगडलं की अंड्यातलं पिल्लू मरतं, लोखंड असलं की मरत नाही, असं तिला तिच्या आईनं सांगितलेलं. पंचफुलानं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. म्हातारी पहिल्यांदाच कवडीच्या बाजूनं काहीतरी करत होती.

रोज एकदा पंचफुला कवडीला हातानं उचलून बाहेर आणी. खुडूक कोंबडी आपणहून उठत नाही, उपाशी मरेल पण उठणार नाही, म्हणून उचलावीच लागते. जवारी खायला घालायची, पाणी पाजायचं, राखेत लोळू द्यायचं, आणि अंडी थंड व्हायच्या आत परत ठेवायचं. बस्तीतल्या बाया विहिरीवर जाता-येता हे बघत. कोणी बोलत नसे. ठराव मोडणाऱ्या घराशी बोलायचं नाही, असं कोणी ठरवलं नव्हतं, पण पाळत सगळे होते. संध्याकाळच्या वंदनेला पंचफुला गेली की तिच्या शेजारची सतरंजी रिकामी राही. ती मधोमध बसे आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणे.

एक दिवस शेषराव स्वतः आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वयनी, मले पाटलाची भीती हाय असं वाटते तुमाले?"

"नाही का?"

"थोडीशी हाय. पन जास्ती भीती मले आपलीच हाय. लेकराले ताप आला आन् घरात कोंबडी असली, त हात कुठी जाते? डोहातून देव काहाडाले येळ लागत नाही."

 

---

आठ दिवसांतच शकुन तापली. सकाळी खेळत होती, दुपारपर्यंत अंगावर लाह्या फुटाव्या असा ताप. डोळे वर जाऊ लागले. देवमन कामावर. तानुबाई नातीला मांडीवर घेऊन बसली होती. टोपलीकडं तिची नजर सारखी जात होती. शेवटी ती म्हणाली, "पंचफुले, एक पिल्लू नवसाले बोलू का व मरीमायले? निंगालं नाही अजून तरी बोलता येते. कोनाले मालूम होनार हाय?"

पंचफुला चुलीपाशी होती. ती उठली, टोपलीजवळ गेली. काय करायला गेली हे तिला नंतर कधीही सांगता आलं नाही. तिचा हात आपोआप कवडीच्या पोटाखाली गेला. आणि कवडीनं, जी आता तिच्या हाताला ओळखत होती, तिनं अशी चोच मारली की अंगठ्याजवळचं कातडं फाटलं.

पंचफुलानं हात ओढून घेतला. रक्ताकडं पाहिलं. मग सासूकडं.

"बोलाचं नाही काही," ती म्हणाली. "पोरीले माह्या पाठीवर द्या."

हिवरखेडचा रस्ता भर उन्हाचा, पायाखाली तापलेली काळी माती. ती शकुनला पाठीशी बांधून चालत सुटली. वाटेत बस्तीच्या टोकाला शेषरावचं घर. त्यानं पाहिलं, काही न विचारता पाण्याची कळशी घेऊन मागं निघाला आणि दवाखान्यापर्यंत पोरीच्या डोक्यावरचा पदर ओला करत आला.  डॉक्टरानं सुई दिली, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी पोरीला घाम सुटला आणि ती भाकर मागू लागली.

तानुबाईनं त्या दिवशी खिळा टोपलीतून काढला, कोळसाही काढला आणि दोन्ही उकिरड्यावर टाकले. "राहू द्या ना, आत्याबाई," पंचफुला म्हणाली, "लोखंडानं काय बिघडते?"

"नाही. ठुलं का मन तिकडंच राह्यते."

---

आखाडीच्या आदल्या दिवशी अंड्यातून चिवचिव ऐकू आली. पंचफुलानं कान लावला, शकुनला ऐकवलं, सासूलाही ऐकवलं. त्या दिवशी तिनं कवडीला उचललं नाही. पिल्लू निघताना आईला हलवायचं नसतं, आणि टरफल फुटत नाही म्हणून आपण नखानं फोडायचं नसतं. बाहेर येण्याचा जोर त्याचा त्यानंच लावला पाहिजे, नाहीतर ते पुढं उभं राहत नाही. सकाळपर्यंत दोन-तीन सडकी अंडी सोडून सगळी फुटली. कवडीच्या पंखाखालून काळी, पिवळी, ठिपक्यांची डोकी डोकावू लागली.

आणि सकाळीच उकंडराव पाटील बस्तीत आले. मागं गावातली दहा-बारा माणसं, ताशा, आणि एकाच्या काखेत झाकलेलं काहीतरी. बस्तीतले पुरुष निळ्या निशाणाच्या चौथऱ्यापाशी जमले. शेषराव पुढं झाला.

"पाटील, यंदा बस्तीत कोंबडा नाही. घर घर पाहा."

"मले मालूम हाय," पाटील शांतपणे म्हणाले. माणूस ओरडणारा नव्हता. "सारे इकले तुमी. कोनी आडवलं का? नाही. नाही त नाही. गावानं बजारातून आनला." त्यांनी मागं खूण केली. माणसानं फडकं काढलं. फाटक्या तुऱ्याचा लाल कोंबडा. शेषरावनं स्वतःच्या हातानं हिवरखेडच्या बाजारात विकलेला. "हा घ्या. देवमन, धर. आता त तुमचं काहीच जात नाही. फकस्त चालाचं हाय."

 कोंबडा नाही असं सांगायचं ठरलं होतं, चालणार नाही असं सांगायचं कोणी ठरवलंच नव्हतं. देवमनच्या पुढं तो लाल कोंबडा धरलेला होता आणि देवमनचे हात, जन्माच्या सवयीनं, कमरेपासून थोडे वर आले होते.

"थांबा!"

पंचफुला घरातून आली ती दोन्ही हातांवर टोपली घेऊन. टोपलीत फुललेली कवडी आणि तिच्याखाली चिवचिवाट. पाटलांच्या पुढं दोन हातांच्या अंतरावर येऊन ती थांबली आणि टोपली जमिनीवर ठेवली.

"पाटील, भाऊजीचं चुकलं. बस्तीत कोंबड्या हायेत. ह्या पाहा. याच्यात कोंबडेबी निंगतीन. पुढच्या आखाडीपावतर हे टोपल्याएवढे होतीन."

"मंग?" पाटलांना काही कळेना.

"मंग काही नाही. हायेत, आन् द्याचे नाहीत. तुमी आनला तो धराचाबी नाही. यंदा नाही, पुढच्या साली नाही, माह्या शकुनच्या पोराईच्या काळातबी नाही. कोंबडा नाही म्हनून नाही, पाटील. आमी नाही म्हनतो म्हनून नाही."

ताशावाल्याच्या हातातली काडी थांबली. पाटलांनी तिच्याकडं न बघता देवमनला म्हटलं, "देवमन, बायकोले आवर. बापाचा मान हाय तुह्या."

देवमनचे हात अजून तसेच अधांतरी होते. त्यानं ते खाली घेतले आणि पाठीमागं बांधले.

"मान असन त तुमीच घ्या, पाटील," तो म्हणाला. "लय वर्सं आमच्या घरी राह्यला. आता तुमच्या वसरीत ठुवा."

पाटलांच्या माणसांतला एक पुढं आला, टोपलीला लाथ घालायला पाय उचलला. कवडी अंगातलं सगळं पीस उभं करून टोपलीतून उडाली ती त्याच्या गुडघ्यावरच. तो "आई वं!" करत मागं सरला, आणि पाटलाच्या पार्टीतलीच दोन माणसं तोंड फिरवून हसली. पंचफुला हसली नाही. शेषराव तिच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि वंदना म्हणताना काढायचा त्याच आवाजात म्हणाला, "वयनी म्हनते तेच आमचं सगळ्याईचं म्हननं हाय. नाही." मग मागून एकेक आवाज आला. नाही. आमीबी नाही. एक म्हातारी बारीक आवाजात म्हणाली, "नाही व माय, बापा, नाही," आणि ती तानुबाई होती.

लाल कोंबडा त्या वर्षी पाटलाच्या गड्यानं धरला. त्याच्या पायांवर कोणी दारातून पाणी टाकलं नाही.

---

त्याची किंमत मोजावी लागलीच. त्या हंगामात गावानं बस्तीला निंदणाचं काम दिलं नाही. बाया पहाटे उठून हिवरखेडच्या शिवारात निंदायला जात. त्यांच्यात पंचफुला पुढं असे, आणि आता तिच्या शेजारी चालायला जागा मिळत नसे.

कुलसुमबीला तिची अर्धी पिल्लं मिळाली. पुढं पिंजाऱ्याचा धंदा बसला तेव्हा अब्दुल गफ्फार तिला घेऊन अकोटला गेला. तिथंही तिच्या अंगणात ठिपक्यांच्या कोंबड्या होत्या, आणि कोणी विचारलं की ती सांगे, "ये हठीली की औलाद हैं." उकंडराव पाटलांनी दोन वर्षं आपल्याच गड्याकडून कोंबडा धरवला. तिसऱ्या वर्षी कोणी गडी तयार होईना. मग मरीमायपुढं नारळ फुटू लागला. पाटील वारले तेव्हा बस्तीतले लोक मातीला गेले, त्यांत देवमनही होता. शेषराव पुढं जिल्ह्याच्या शाळेत मास्तर झाला. निवृत्तीच्या समारंभात त्याला हार घातले, तेव्हा तो बोलायला उभा राहिला आणि बाकी सगळं सोडून एका टोपलीची गोष्ट सांगून खाली बसला. देवमन अकोल्याच्या जिनिंगात लागला, खोकल्यानं लवकर गेला. तानुबाई त्याच्याही आधी गेली. शेवटपर्यंत तिनं डोहाकडं तोंड करून कधी हात जोडले नाहीत, पण आभाळ गडगडलं की उशाखाली काहीतरी चाचपडत असे.

शकुन नर्स झाली. अकोल्याच्या जठारपेठेत तिचं घर आहे. पंचफुला म्हातारपणी तिथं आली, तेव्हा गच्चीवर कोंबड्या पाळायच्या नाहीत असं शेजाऱ्यांनी एकमतानं ठरवलं होतं. कागदावर सह्याही केल्या होत्या.

आणि कवडी? ती बरीच वर्षं जगली. दर साली खुडूक व्हायची, दर साली कोणी ना कोणी तिला उठवायला बघायचं. एका सकाळी ती टोपलीत बसल्या जागीच गेली. खाली अंडी होती. पंचफुलानं ती दुसऱ्या कोंबडीखाली सारली आणि त्यांतून पिल्लं निघाली. त्यांच्याच वंशातली एक राखी, ठिपक्यांची कोंबडी आज जठारपेठेतल्या त्या गच्चीवर बसलेली आहे.